उजव्या कोपऱ्यातली चौकट

परवा सकाळी ईराला ताप भरला आणि मी घरभर फेऱ्या घालायला लागलो. ईरा माझी नात, इथे जर्मनीत एर्लांगेनला चौथीत आहे. ताप तसा बेताचाच होता. मला लागून राहिलं होतं ते वेगळंच.

"रसिका, शाळेत फोन केलास का गं?"

"बाबा, ॲपवर कळवलंय."

"पोचलं का पण?"

"पोचलं. हिरवी खूण आली."

"ती खूण बाईंनी बघितली असेल ना?"

रसिकानं, म्हणजे माझ्या मुलीनं, लॅपटॉपवरून मान वर केली. "बाबा, इथे पहिल्या तासाला मूल दिसलं नाही आणि घरून निरोपही नसला, तर शाळाच फोन करते. फोन नाही उचलला तर चौकशीला पोलीससुद्धा येऊ शकतात दारात. तुम्ही बसा बघू आता. चहा घ्या."

मी बसलो. चहा घेतला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मूल दिसलं नाही तर शाळाच फोन करते! पुन्हा उठलो, गॅलरीत गेलो, खालच्या सायकली बघितल्या, परत आलो. नातीच्या तापापेक्षा शाळेच्या निरोपाची काळजी करणारा हा कसला आजोबा, असं जावयाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याचं उत्तर द्यायला म्हणून हा लेख लिहितो आहे.

खरं म्हणजे लेख मागितला ओंकारनं. हा इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचा संपादक, पुण्याचा पोरगा, विद्यापीठात संशोधन करतो. गणपतीच्या आरतीनंतर खिरापत खाता खाता त्यानं विचारलं, "काका, तुम्ही गल्फमध्ये नक्की काय होतात?"

"शाळांतले फळे करत होतो."

"म्हणजे सप्लाय वगैरे?"

"नाही रे बाबा. भिंतीवर. हातानं."

"गेनाऊ! अगदी! हेच लिहा," तो म्हणाला. "सगळे मला ऑक्टोबरफेस्ट आणि पुरणपोळी पाठवतात."

मी म्हटलं, अरे, मी सातवी अर्ध्यात सोडलेला माणूस. तर म्हणतो, "काका, शुद्धलेखन आम्ही बघतो, तुम्ही फक्त बोला." तेव्हा हे बोलणं आहे असंच समजा. इथे ज्याला त्याला डॉक्टरेट. चार जणांत बसलो की मी आपला पोह्यांची ताटली पुढे करण्याचं काम अंगावर घेतो. रसिका शिकली, इथवर आली, ती मी दुसऱ्यांच्या पोरांच्या शाळा रंगवल्या म्हणून, हे मात्र मी कुठेही सांगायला तयार आहे. ओमानचे उपकार आहेत माझ्यावर. आणि आता या देशाचेही, की वर्षातले तीन महिने मला लेकीकडे राहू देतात. पासपोर्ट मी उशीखाली ठेवून झोपतो. रसिका हसते. हसू दे.

फळा म्हणजे भिंतीला फासलेला काळा रंग, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावा. आधी सिमेंटचा गिलावा. तो सपाट हवा, पण आरशासारखा गुळगुळीत नको, खडू घसरतो. मग त्याला पाणी पाजायचं. मग तो पुरता वाळू द्यायचा, आणि मुकादम कितीही ओरडला तरी घाई करायची नाही. मग दगडानं घासायचा. मग काळ्या रंगाचा हात, तो वाळला की बारीक कागदानं घासणं, परत हात, परत घासणं. शेवटचा हात वाळला की अख्खा फळा खडू आडवा धरून पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. हे राहिलं, तर गुरुजी जे पहिलं अक्षर काढतील ते जन्मभर फळ्यावर पुसट दिसत राहतं. आणि सगळं झाल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसायचं, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकला तर त्या कोपऱ्यातल्या पोराला काही दिसणार नाही. असा फळा मी पुन्हा घासायला घेत असे. मागच्या कोपऱ्यातल्या पोराबद्दल मला जरा जास्त वाटतं. मी तिथलाच.

मी गेलो तेव्हा ओमानमध्ये शाळा नुसत्या उगवत होत्या. आमच्या आधीच्या मिस्त्रींनी तर तंबूतल्या शाळा बघितल्या होत्या. लाकडी फळा झाडाला बांधायचा आणि खाली वाळूत पोरं. एका ठिकाणी शेळ्यांनी खडूचा अख्खा खोका खाल्ला आणि दोन दिवस शाळेत फक्त पाढे म्हटले, असं सांगायचे. आमच्या वेळी दगडी खोल्या आल्या होत्या. सकाळी मुलं, दुपारी त्याच खोल्यांत मुली, आणि संध्याकाळी कुठे कुठे मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग. शिक्षक इजिप्तचे, सुदानचे, जॉर्डनचे. सिमेंट कालवणारे आम्ही. ज्या देशात आदल्या पिढीत शाळा बोटांवर मोजण्याइतक्या, तिथे डोंगरात, वाळवंटात, मच्छीमारांच्या किनाऱ्यावर, जिथे म्हणून गाव तिथे खोल्या उभ्या राहत होत्या. आमचा ट्रक एका गावाहून निघाला की पुढच्या गावातले लोक रस्त्यावर उभे असायचे. आमचं गाव कधी, विचारायचे. असं मला जन्मात कुणी विचारलेलं नव्हतं.

गिऱ्हाइकंही एकेक. एक इजिप्शियन मास्तर फळा डोळे मिटून तपासायचा. खडू ओढायचा आणि कान लावायचा, किर्र वाजला की नापास. साक्षरता वर्गातल्या म्हाताऱ्यांनी एकदा आमच्याकडे तक्रार केली की फळा फार काळा आहे, भीती वाटते. मी म्हटलं, चाचा, मलाही वाटायची.

तर ते गाव. नाव लिहीत नाही. डोंगराच्या कुशीत खजुराच्या बागा आणि त्यांतून वाहणारा पाण्याचा पाट. शाळा मुलांची होती, पण जुन्या दोन खोल्यांत. आता नवी इमारत झाली आणि खात्यानं सांगितलं, मुलींचा वर्ग देतो, दोन शिक्षिका देतो, पण उद्घाटनाच्या दिवशी तपासनीस येईल, त्याला निदान पंधरा मुली बाकांवर दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर शिक्षिका खालच्या गावाला जातील आणि इथलं पुढच्या वर्षी बघू. खालच्या गावालाही हव्याच होत्या शिक्षिका. खात्याचंही बरोबर होतं.

तिथे फळ्यांचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्हा दोघांकडे आलं. मी आणि दत्ताराम. दत्ताराम माझ्याच तालुक्यातला, देवरुखच्या पलीकडचा. त्याआधी आम्ही दुसऱ्यांच्या हाताखाली असायचो. आमच्यावर मुकादम वर्गीस, केरळचा, स्वभावानं तापट पण ताटातलं वाटून खाणारा.

तिथल्या विहिरीचं पाणी खारं. खाऱ्या पाण्याचा गिलावा महिन्याभरात पांढरा फुलतो, त्यावर रंग टिकत नाही. म्हणून वरच्या पाटाचं गोडं पाणी आणायला सलीमची पिकअप लावली होती. सलीम गावातलाच. तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन गेलेला, म्हणून हिंदी बोलायचा.

"मिस्त्री," रोज सकाळी हाक, "तुम्हारा दीवार फिर प्यासा है?"

"है ना, सलीमभाई."

"इतना पानी मेरा ऊंट भी नहीं पीता."

पिकअपमध्ये टाकीला टेकून त्याची मुलगी बसलेली असायची. मोझा. आठ-नऊ वर्षांची, कानात चांदीच्या रिंगा, पाय कायम अनवाणी. पाणी उतरवलं की ती खोलीत यायची आणि फळ्यासमोर उभी राहून त्याच्याकडे नुसती बघायची. पहिलीचा फळा किती खाली घ्यायचा याचं माप वर्गीसनं दिलं नव्हतं. दत्तारामनं तिला भिंतीला उभं केलं, हात वर करायला लावला आणि पेन्सिलीनं खूण केली.

"हितपर्यंत पोचते बघ. खालची कड गुडघ्याच्या वर घेऊ म्हणजे पोरगी आरामात लिहील."

तर त्या खोलीचा फळा मोझाच्या मापाचा.

मुलींसाठी गावात दारोदार फिरला तो सलीमच. कुणाला बाहेरची भिंत उंच हवी होती, ती आम्ही दोन थर वाढवून दिली. कुणाला मुलींचं दार वेगळं हवं होतं, तेही निघालं. कुणाला काहीच नको होतं, नुसतं नाही म्हणायचं होतं. त्यांच्याकडे सलीम रोज कॉफी प्यायला जाऊन बसायचा, शाळेचं नाव काढायचा नाही. ते कंटाळून स्वतःच काढायचे. आम्हाला येऊन सांगायचा, "आज एक और."

आणि यात आम्ही घोळ घातला.

आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी फळा बघितला आहे त्यांना ती चौकट आठवेल. वरच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगात. पट इतका, हजर इतके. मला आणि दत्तारामला फळा म्हटला की ती आलीच. सगळे फळे खडू लावून, पुसून तयार झाले, दोघं मागच्या बाकावर बसून बघतो तर काहीतरी कमी वाटतंय. दत्ताराम म्हणाला, "चौकट रवली." राहिलीच होती. मी ऑइलपेंटचा पांढरा डबा आणला आणि एका दुपारात सगळ्या खोल्यांतल्या सगळ्या फळ्यांना उजव्या कोपऱ्यात सुबक चौकट काढली, मध्ये एक आडवी रेघ. शब्द लिहिले नाहीत, अरबी कुठे येत होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण न सांगता केलेल्या कामाचा आनंद काही और असतो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले. उस्ताद इद्रीस, सुदानचे. सहा फुटांच्या वर उंची, डोक्याला पांढरं पागोटं, आवाज मात्र देवघरात बोलल्यासारखा हळू. खडू घेऊन पहिल्या ओळीला हात उचलला आणि तो हात तसाच हवेत राहिला. अरबी उजवीकडून लिहितात. जिथून त्यांची ओळ सुरू व्हायची, नेमकी तिथेच आमची चौकट.

वर्गीसनं कपाळावर हात मारला. "तुमको किसने बोला? पूरा स्कूल खराब! परसों इन्स्पेक्टर आता है!"

परवापर्यंत पुसणं शक्यच नव्हतं. काळ्यावर पांढरा ऑइलपेंट बसला की तो वरून काळा करून भागत नाही, तेवढ्यावर खडू घसरतो. गिलाव्यापर्यंत घासून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दत्तारामच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी तर मनातल्या मनात बॅग भरून विमानात बसलोसुद्धा होतो.

उस्ताद इद्रीसांनी खडू खाली ठेवला आणि मला विचारलं, हे काय आहे? माझी अरबी कामापुरती. मी म्हटलं, वर सगळे. खाली आज आलेले.

"तुमच्या देशात हे प्रत्येक फळ्यावर असतं?"

"हो."

"आणि तुमचं लिखाण तिकडून सुरू होतं." त्यांनी डावीकडे बोट दाखवलं.

"हो. ही आपली कोपऱ्यात असते."

त्यांनी चौकटीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "इथे ती कोपऱ्यात नाही राहायची," म्हणाले. "इथे हीच पहिली वाचावी लागेल. धड्याच्या आधी." मग वर्गीसकडे वळून, "असू दे."

वर्गीस दिवसभर आमच्याशी बोलला नाही. जेवताना मात्र त्यानं मासळीचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

तपासनीस आले त्या सकाळी आम्ही आवाराच्या भिंतीचं शेवटचं काम करत होतो. करत कसले, थापी हातात धरून खिडकीशी उभे होतो. वऱ्हांड्यात मुलींचे बाप, चुलते, पांढरेशुभ्र झगे घालून. आत मुली दोन-दोन एका बाकावर, नवे कपडे, नवी दप्तरं, आवाज नाही. तपासनीस इजिप्तचे, जाड चष्मा, कपाळावर घाम. उस्तादांनी फळ्यावर सगळ्यात वर मधोमध बिस्मिल्ला लिहिलं. मग चौकटीपाशी गेले. वर लिहिलं पंधरा. खाली लिहिलं चौदा.

त्यांचे आकडे मला येत होते, गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलो होतो. ती चौकट नसती तर? तर तपासनीसांनी नुसती नजर फिरवली असती, पोरी हलतात डुलतात, चौदा काय आणि पंधरा काय, चहा घेऊन सही करून गेले असते. आता भिंतीवर ऑइलपेंटच्या चौकटीत एक कमी आहे हे अख्ख्या गावाला दिसत होतं. ती चौकट मी काढली होती.

"हे काय?" तपासनीसांनी विचारलं.

"किती यायला हव्यात आणि किती आल्या," उस्ताद म्हणाले.

"एक कमी आहे."

"हो."

खोटं लिहायचं त्यांच्या मनात आलं नसेलच असं नाही. पण त्यांनी लिहिलं नाही.

वऱ्हांड्यातल्या लोकांनी आत बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं, आणि मग एकेक करून सगळे सलीमकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकांवर मोझा नव्हती.

सलीमची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि तापानं अंथरुणाला खिळलेली होती. घरात तान्हं पोर, दुसरं रांगणारं, पाणी, चूल. मोझाच सगळं बघत होती. सलीमनं तिचं नाव सर्वांत आधी घातलं होतं, आणि मनात धरलं होतं की बाकीच्या सोळा-सतरा येतील, वर्ग सुरू होईल, मग महिन्या-दोन महिन्यांनी मोझा येईल सावकाश. पण ऐनवेळी दोन घरं मागे सरली होती. दारोदार जाऊन दुसऱ्यांच्या मुली आणणाऱ्याचीच घरी राहिली होती.

ज्याच्याकडे सलीम रोज कॉफीला जायचा तो म्हातारा सगळ्यांत पुढे उभा होता. तो काहीतरी बोलला. हळू बोलला, पण टोमणा कोणत्याही भाषेत कळतो. नंतर उस्तादांनी अर्थ सांगितला. "माझी कॉफी संपवलीस, सलीम. तुझ्या घरची कधी पाजणार?"

सलीम खाली मान घालून वऱ्हांड्यातून उतरला आणि पिकअपमध्ये बसला. गाडी सुरू केली नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो. कारण मला तो आकडा आतून माहीत होता.

आमची शाळा पायवाटेला लागून होती. सातवीत असताना वडील एका पडवीच्या छपरावरून पडले, पाय मोडला. वडील गवंडी. हाती घेतलेलं काम अर्धं, आणि घरात थोरला मी. थोडे दिवस म्हणून चुलत्याबरोबर कामावर जायला लागलो. सकाळी घमेलं घेऊन शाळेवरून जायचो तेव्हा खिडकीतून फळा दिसायचा. पट बत्तीस, हजर एकतीस. रोज बघायचो. तो एक मी होतो. गुरुजींनी माझं नाव काढलेलं नाही, म्हणजे मी अजून आहे, एवढं कळायचं. त्या एकाच्या फरकावर मी कितीतरी आठवडे शाळेत होतो असं समजा. कुणी घरी विचारायला आलं नाही. तसं येण्याची पद्धतच नव्हती, गुरुजींना तरी काय दोष द्यायचा. आणि एक दिवस बघतो तर पट एकतीस, हजर एकतीस. दोन्ही आकडे सारखे. मी घमेलं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढे गेलो.

हे सगळं मला तिथे, त्या खिडकीशी आठवत होतं. तपासनीसांनी घड्याळ बघितलं. उस्ताद इद्रीस म्हणाले, "जरा थांबू. कॉफी येते आहे." कॉफी कुठे येत होती! त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दत्तारामकडे, आणि दत्ताराम आमच्या झोपडीकडे धावला आणि स्टोव्हवर चहा चढवला.

पिकअपचा आवाज आला. ती घराकडे वळली, धूळ उडवत.

चहा संपत आला तेव्हा परत आली. मोझा उतरली. अंगावर घरातलाच कपडा, हाताला कणीक, आणि कडेवर रांगतं पोर. सलीमनं ते घ्यायला हात पुढे केला, तर पोरानं बहिणीच्या केसांना घट्ट धरून भोकाड पसरलं. तशीच ती आत गेली. शेवटच्या बाकावर बसली, भावाला मांडीवर घेऊन. पोर गप्प झालं आणि फळ्याकडे बघायला लागलं.

उस्तादांनी फडकं घेतलं, चौकटीतला खालचा आकडा पुसला. पंधरा लिहिलं.

तपासनीसांनी चष्मा पुसला, पोराकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"हा पटावर नाही," उस्ताद म्हणाले.

वऱ्हांड्यात हशा पिकला. तो कॉफीवाला म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसला. वर म्हणाला, बाळाला माझ्या घरी ठेवा, माझी म्हातारी रिकामीच आहे. सही झाली. वर्ग मिळाला. शिक्षिका आठवड्यात आल्या. आम्ही काम आवरून पुढच्या गावाला गेलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट बरी झाली असती. पण कामाच्या माणसाला परत त्याच भिंतीशी जावं लागतं.

कितीतरी वर्षांनी, पांढऱ्या फळ्यांचा जमाना आला तेव्हा, मला पुन्हा त्या गावी पाठवलं. रस्ता डांबरी, शाळा दुमजली, मुलींची इमारत वेगळी. मुख्याध्यापिका ओमानी, तरुण, भराभर बोलणारी. शिक्षिकाही सगळ्या त्याच देशातल्या, बऱ्याचशा आसपासच्याच. जुन्या खोलीतला माझा फळा शाबूत होता. त्याच्यावर नवा पांढरा फळा ठोकायचा होता. मी जवळ गेलो तर चौकट ताजी. कुणीतरी दरवर्षी पांढरा हात देत आलं होतं, आणि आत अरबीत सुंदर अक्षरांत शब्दही लिहिले होते. बाजूच्या नव्या खोल्यांत बघितलं. जिथे आम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथेही तीच चौकट, तोच उजवा कोपरा.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "नव्या फळ्यावर ही चौकट पक्क्या रंगात काढून द्या. खात्याचा नियम आहे."

खात्याचा नियम! मी मान डोलावली. दत्ताराम असता तर पोट धरून हसला असता. तो तोवर गावी परतला होता.

फळा ठोकताना बाई म्हणाल्या, जरा वर घ्या, फार खाली आहे. मी म्हटलं, बाई, पहिलीचा आहे, इथेच बरा. आणि जुन्या कडेला नवी कड बरोबर जुळवून ठोकला.

पण मोझाचं काय झालं, ते मला कळलं नाही.

सलीम वारला होता, एवढं पहारेकऱ्यानं सांगितलं. पुढे काय विचारणार? परदेशी मजुरानं परक्या गावात कुणाच्या मुलीबाईचं नाव घेऊन चौकशी करायची नसते. चुकूनसुद्धा नाही. तिथे इतकी वर्षं काढली ती ही रीत पाळून काढली. ती चौथीपर्यंत शिकली, की बारावी झाली, की बाळंतिणीला पुन्हा ताप आला आणि दुसऱ्याच महिन्यात घरी बसली, काही म्हणजे काही माहीत नाही. दुपारी शिक्षिका घरी जायला निघाल्या, काळ्या पायघोळ अबायांत, हातात वह्यांचे गठ्ठे. मी शिडीवरून प्रत्येकीकडे बघत होतो आणि बघतोय हे कुणाला दिसू नये म्हणून स्क्रू पिळत होतो. त्या फळ्याला मी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त स्क्रू मारले आहेत.

आता परवाचं. दुपारपर्यंत ईराचा ताप उतरला. कंटाळली. तिच्या खोलीत छोटा हिरवा फळा आहे. इथल्या शाळांत अजून हिरवे फळे आहेत, घडीचे, खडूचे. पालकसभेला गेलो होतो तेव्हा मी सगळ्यांदेखत त्यावरून नख फिरवून बघितलं आणि रसिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला होता फळा.

ईरा म्हणाली, शाळा शाळा खेळू, तू विद्यार्थी. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मन. मी मोडकंतोडकं ओळखतो, बाकीचं रसिका स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. मी तिला विचारलं, तुझ्या फळ्याला चौकट कुठाय? आणि हे सगळं तिला सांगितलं, फळ्याचं, पाण्याचं, मोझाचं, कडेवरच्या पोराचं. तिनं लगेच खडू घेऊन उजव्या कोपऱ्यात चौकट काढली. पट आणि हजर.

वर लिहिलं दोन.

"दोन कोण गं?"

"आजोबा उंड मोझा." म्हणजे आजोबा आणि मोझा.

खाली लिहिला एक. मग बाईंच्या आवाजात विचारलं, "मोझा?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही, बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली, खडू हातात, कपाळावर अजून ओल्या पट्टीचा डाग. मग जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, अगदी साधं, ठाऊक असलेलंच सांगितल्यासारखं. मला कळलं नाही. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

"काय म्हणते गं ती?" मी विचारलं.

रसिका दारात येऊन उभी राहिली.

"म्हणते, मग फोन करायचा ना घरी."